सूरजने पाठवलेला मडगार्ड

सूरजचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि इस्तारीने त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र एकटं आलं नव्हतं. एसटीच्या पार्सलने एक लांबट खोकं आलं होतं, त्यात मोटरसायकलचा मागचा लोखंडी मडगार्ड, आणि मडगार्डाला चिकटपट्टीने डकवलेला वहीचा कागद. 'बाबा, हा पूर्ण लांबीचा आहे. बोल्ट सोबत आहेत. आईचा हात कसा आहे? तुम्ही फोन कापता म्हणून लिहितो. मी घरी येऊ का, एवढं कळवा.'

पोराने शाळेतल्यासारखं शुद्ध लिहिलं होतं, त्याचाही इस्तारीला राग आला होता. त्याने कागद खोक्यात कोंबला आणि खोकं माळ्यावर भिरकावलं. तिथे ते पावसाळा, पोळा, दिवाळी सगळं पाहत पडून राहिलं.

झालं होतं ते असं. सूरज कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा त्याने आपली जुनी गाडी बापाला दिली. द्यायच्या आधी तिचा लांब मडगार्ड आरीने कापून त्या जागी प्लास्टिकचं चिमुकलं शेपूट बसवलं. "पाहा बाबा, आता कशी चिकनी दिसते!" इस्तारीने तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. महिन्याभरात, सिंदेवाहीच्या बाजाराला मासळी नेताना, मागे बसलेल्या बायकोचा, बायनाबाईचा, पदर चाकात गेला. ती रस्त्यावर आपटली. उजवं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच जुळलं. धावत आलेल्या पोराला इस्तारीने दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार लोकांसमोर, आई-माईवरून शिव्या दिल्या. "माह्या दारात पाय ठेवशीन तं तंगडं तोडीन!" म्हणाला. तेव्हापासून गाडी गुरांच्या कोठ्यात, पोरगा कोरपन्याला, आणि राग इस्तारीच्या घशात.

फागुनात एका सकाळी बायनाबाई मोहफुलं वेचून आली आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच बोलली.

"ऑटोवाला आता मासळी नाई घेत म्हणते. वास येते म्हणते. गाडी काढा."

"ते गाडी मी जाळून टाकीन."

"जाळा. मंग कॅरेट डोक्यावर घ्या अन् चाला सिंदेवाहीले."

तिने डाव्या हाताने माळ्यावरचं खोकं ओढलं आणि त्याच्या पुढ्यात आदळलं. मग कुंपणावरून शेजारच्या डोमाला हाक मारली. डोमा इस्तारीबरोबर तलावात जाळं टाकणारा गडी. त्याच्याकडे नट-बोल्ट खोलायचे पाने होते, आणि पान्यांपेक्षा जास्त तोंड.

अंगणात गाडी स्टँडवर चढली. सीट निघाली, मागच्या लाइटची आणि इंडिकेटरची वायर सुटली, चार बोल्ट फिरवले तसं ते प्लास्टिकचं शेपूट गळून पडलं. इस्तारीने त्याला अशी लाथ घातली की ते उकिरड्यापर्यंत गेलं.

"कुत्र्याले मारल्यावानी कायले मारता, भाऊ?" डोमा म्हणाला.

"कुत्रा बरा. कुत्रा मायचा हात नाई मोडत."

नवा मडगार्ड मात्र जागेवर जाईना. त्याचं पुढचं टोक चाकाच्या आणि सांगाड्याच्या मधून वर सरकायला हवं होतं, आणि तिथे बोटभरही जागा नव्हती. इस्तारीने तिरपा घातला, उलटा घातला, गुडघा लावून दाबला. पत्रा सटकला आणि त्याच्या बोटांची साल घेऊन गेला.

"मापाचा भी नाई पाठवला हरामखोरानं!"

"माप बरोबर हाये. चाक काढा लागते."

"तुले लय समजते?"

"मले येवढंच समजते. बाकीचं तुमाले समजते," डोमा म्हणाला आणि पाना पुढे केला.

एक्सलचा नट गंजला होता. इस्तारीने तो सोडवताना पोराच्या नावाने इतक्या शिव्या दिल्या की बायनाबाई मोहफुलं सोडून दारात येऊन उभी राहिली. शेवटी नट सुटला, चेन उतरली, चाक बाहेर आलं. एक्सलच्या एका बाजूला, जिथे चाक लोखंडी दांडीला टेकतं, काळा कुळकुळीत गोळा घट्ट बसला होता.

"लुगड्याचा पदर," इस्तारी म्हणाला. "पाह्य. पाह्य त्याचे प्रताप."

मासळी कापायचा सुरा घेऊन तो गोळा सोडवायला बसला. वरचे वेढे हिरव्या लुगड्याचे होते. ग्रीसने काळे पडलेले, पण सुऱ्याने खरवडले की हिरवे. तो एकेक वेढा ओढायचा आणि एकेक शिवी घालायचा. लुगडं संपलं. तरी गोळा संपला नाही. आत, अगदी एक्सलला लागून, जाळ्याची दोरी होती. नायलॉनची, सात-आठ वेढे. टोकाला काडी लावून वितळवलेली गाठ.

इस्तारीची शिवी अर्धीच राहिली.

मासळीचं कॅरेट गाडीला बांधायचं काम त्याचं. दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नसे. जुन्या जाळ्याची दोरी, तिला सुटती गाठ, आणि गाठीपुढे हात-दीड हात लांब शेवट मोकळा सोडलेला. बाजारात ओल्या, खवल्यांनी बरबटलेल्या बोटांनी गाठ उकलत नाही; शेवट धरून एकच हिसका दिला की कॅरेट मोकळं. त्याचा बाप बैलगाडीवर असंच बांधायचा. बैलगाडीचं चाक सावकाश फिरतं.

डोमाने वाकून पाहिलं. तो हळूच बोलला, "भाऊ, जे आदी गेलं ते खाली राह्यते, नाई का? दोरी गेली आदी. पदर तिच्यात गुतला."

"मडगार्ड असता तं—"

"मडगार्ड चाकाच्या वर राह्यते. हे तं बाजूनं गेलं."

"तू चूप बस!" इस्तारी ओरडला. बाजूला पडलेला पाना उचलून त्याने कुडाच्या भिंतीवर आदळला. "तुले कोणं इचारलं? चाल, नीघ इथून!"

डोमा हलला नाही. इस्तारी बायकोकडे वळला.

"अन् तू! तुले मालूम होतं?"

"मालूम?" बायनाबाई पायरी उतरून खाली आली. "दवाखान्यात तीन खेपा सांगतलं, का आदी दोरीचा हिसका बसला म्हणून. तुमी काय म्हटलं? 'पोराले झाकून राह्यली.' हात मोडला माहा, अन् खोटी भी मीच! मंग कोणाले सांगू? कोठ्यातल्या गाईले?"

"आठ महिने मंग बोलली काऊन नाई?"

"नाव काढलं का ताट फेकत होते तुमी. किती ताटं फुटली मोजा."

इस्तारीचा राग तर होताच, तितकाच होता. पण आता तो कुठे टाकावा ते कळत नव्हतं. त्याने दोरी हातात घेतली, दोन्ही हातांनी ताणली, तुटेना म्हणून दातांत धरली. तोंडात ग्रीस गेलं. तो थुंकला. आपल्याच दोरीची चव आपल्याला लागली याचाही त्याला भयंकर संताप आला.

"पाना आणा तो," डोमा म्हणाला. "अर्धी गाडी अंगणात ठेवून जाऊ का?"

इस्तारीने पाना उचलून आणला. मडगार्ड आता बिनतक्रार वर सरकला. चारही भोकं बरोबर जुळली. इस्तारी बोल्ट वरून खाली घालू लागला तेव्हा डोमाने त्याचा हात धरला.

"उलटे. डोकं चाकाकडं, नट वरून. नाई तं वजन पडलं का टोक टायर कापन."

दुसरी वेळ असती तर इस्तारीने त्याला फाडून खाल्लं असतं. त्याने बोल्ट उलटे घातले. चाक बसवलं, चेन ताणली, वायरी जोडल्या. लाइट लागला.

दुपारी त्याने वही काढली. फोन करावा असं बायनाबाई म्हणाली. पण फोनवर पोराचा आवाज आला की आपल्या तोंडून आधी काय निघेल याचा त्याला भरवसा नव्हता. पहिल्या कागदावर त्याने लिहिलं, 'तू मडगार्ड कापायला नको होता.' वाचलं, आणि कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'झालं ते झालं.' तो तर जास्तच बारीक फाडला. झालं ते आपोआप झालं नव्हतं. तिसऱ्यावर, मोठमोठ्या अक्षरांत, पेन कागदातून पार जाईल असं दाबून, त्याने लिहिलं:

'सूरज, आज चाक काढलं. खाली माझी दोरी निघाली. पदर दोरीने ओढला, मडगार्डाने नाही. तुझी आई तेव्हाच सांगत होती, मी ऐकलं नाही. लोकांसमोर तुला बोललो ते खोटं होतं. कापलेला मडगार्ड मला आवडला नव्हता, आताही आवडत नाही, पण हात मी मोडला. आल्यावर तूही मला चार लोकांसमोर बोल. मी ऐकेन. ये.'

चार वाजता गाडी सिंदेवाहीच्या डाकघरासमोर थांबली. बायनाबाई मागेच बसून राहिली, वाकडा हात मांडीवर, पदर कमरेला खोचलेला. पेटीला कुलूप लावणाऱ्या शिपायाने इस्तारीला सांगितलं, "आजची डाक गेली, भाऊ. उद्या निघन."

"उद्या? आज काऊन नाई?" इस्तारी भडकला. "सरकार झोपलं का तुमचं? माणसाचं काम राह्यते!"

"अवो," मागून बायनाबाई म्हणाली, "त्या बिचाऱ्यानं काय केलं? टाका पेटीत."

इस्तारीचं तोंड उघडं होतं, ते त्याने मिटलं. पाकिटावरचा कोरपन्याचा पत्ता त्याने ओठ हलवत एकदा वाचला, आणि पाकीट पेटीत टाकलं.