उन्हात पालथं घातलेलं पिंप

चैत्र लागला आणि आमचं धुण्याचं यंत्र गळायला लागलं. सकाळी गिरणीच्या भोंग्याला पिंपात पाणी भरावं, साबण कालवावा, चादरी टाकाव्यात, आणि दांडा चार वेळा फिरेपर्यंत निम्मं पाणी अंगणात. कोंबड्यांची तेवढी चैन झाली.

यंत्र म्हणजे काय ते सांगते, कारण सोलापुरात असलं दुसरं मी तरी पाहिलेलं नाही. सागवानी उभ्या फळ्यांचं पिंप, भोवती लोखंडाचे तीन पट्टे, आत चार पायांचं लाकडी ढवळणं आणि वर दांडा. दांडा फिरवला की आतले कपडे ताकासारखे घुसळून निघतात. जर्मनच्या लढाईनंतर एक गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात आमच्या मालकांनी ते घेतलं. सगळी परीट आळी हसली. नागप्पाच्या बायकोला आता दगड टोचतो म्हणे. मला दगड टोचत नव्हता. तीस वर्षं कपडे आपटून उजवा खांदा गेला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांनीही विचारलं नाही. पिंप आणून अंगणात ठेवलं. त्याचा दांडा डाव्या हातानं फिरतो.

ते मालक गेल्या दिवाळीच्या तोंडावर लिंगैक्य झाले. आता घरात मी, मुलगा विरुपाक्ष आणि सून नीलव्वा.

विरुपाक्षानं गळकं पिंप एकदा पाहिलं आणि खिशातून कागद काढला. मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचा, चित्रांचा. नवं यंत्र, सगळं पत्र्याचं. ते मागवायचं, बाजारपेठेत गाळा घ्यायचा, तिथं तो आणि नीलव्वा काम बघणार. माझं काय, असं मी विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं.

"अव्वा, तू लई केलंस. आता बसून खा की. हे लाकूड म्हातारं झालंय."

म्हणताना तो लाकडाकडं बघत नव्हता, माझ्या खांद्याकडं बघत होता.

बसून खा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. ज्या परटिणीला धुता येत नाही ती चुलीपाशी बसते आणि सुनेच्या भाकरीची वाट बघते. भाकरी करपली तरी बोलायची सोय नाही. आमच्या सासूबाई तशा बसल्या होत्या. त्यांना मीच बसवलं होतं, म्हणून ती जागा मला चांगली माहीत आहे. पिंप गेलं तर दगडावर माझा हात चालणार नाही, आणि हात चालला नाही तर त्या जागेवर मी. मी त्याला म्हटलं, यंत्र मी घरात नीट करून दाखवते, तोवर तो कागद चुलीपासून लांब ठेव, पेटंल.

आधी गूळ आणि चुना कुटून फटींत भरला. आमच्या माहेरी, अक्कलकोटला, पाण्याचा हौद असाच बुजवत. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी गरम पाण्यात गूळ विरघळला आणि बंगल्यावरच्या मडमेच्या चादरींना मुंग्या लागल्या. वाळत घातलेल्या चादरीवर मुंग्यांची रांग मी जन्मात पाहिली नव्हती.

मग डांबर. शेजारची केराबाई म्हणाली, तिच्या भावाचं नावेचं काम आहे, नावेला डांबर लावतात. तिचा भाऊ भीमेकाठी दोन नावा हाकतो, तर ही मला अख्खा समुद्र शिकवायला आली. तरी मी ऐकलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. डांबर फटींत बसलं, गळती थांबली, आणि चार चादरींवर मसुरीएवढे काळे ठिपके उठले. रॉकेलच्या बोळ्यानं एकेक ठिपका काढताना माझी बोटं सोलली. विरुपाक्षानं एक चादर दोन्ही हातांनी उन्हात धरली, माझ्याकडं पाहिलं आणि परत दोरीवर टाकली. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. संध्याकाळी म्हणाला, मंगळवारच्या बाजाराला वखारवाला गाडा घेऊन येईल, फळ्या जळणाला नेईल.

त्या दिवशी शनिवार होता. मी पदर खोचला आणि गल्लीच्या टोकाला इमामसाबकडं गेले. इमामसाब टांग्याची, बैलगाडीची चाकं करतो. आमच्या मालकांचा दोस्त. त्याला आधीच का बोलावलं नाही? परटाच्या यंत्राला गाडीवाल्याचा हात कशाला, असं वाटलं होतं. वाटायला काय लागतं.

तो आला. पिंपाभोवती दोनदा फिरला. डांबर नखानं खरवडून माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. मग त्यानं लोखंडी पट्टा नुसत्या अंगठ्यानं खाली सरकवला. सरकला. बांगडीसारखा.

"अक्का, काम झाल्यावर हे कसं ठिवता?"

"पालथं. उन्हात. परटाच्या घरात ओलं काय राहत न्हाय."

"कवापास्नं?"

मी सांगितलं, मालक गेल्यापासून. ते होते तेव्हा रोज धुणं झालं की पिंपात चार घागरी पाणी तसंच ठेवून द्यायचे. बारा वर्षं मी त्यांना आळशी म्हटलं. शेवाळ येईल, वास येईल, लोक काय म्हणतील, परटाच्या दारात शिळं पाणी. ते म्हणायचे, असू दे की. ते गेले आणि मी पहिलं काम हे केलं की यंत्राला शिस्त लावली.

इमामसाब ओट्यावर टेकला आणि त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"अक्का, लाकूड म्हंजी लुगडं न्हाय. वाळलं की आकसतंय."

मग त्यानं गाडीच्या चाकाचं सांगितलं. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकतं, वरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून गाडीवान वाटेत ओढा दिसला की गाडी पाण्यात उभी करतात. बैलांना पाजतात तसं चाकालाही पाजायचं. माझ्या पिंपाच्या फळ्यांना काही झालं नव्हतं. थंडीत कसंबसं निभावलं, चैत्राच्या उन्हानं दगा दिला. डांबर काढायचं, पट्टे ठोकून बसवायचे, आणि पाणी भरत राहायचं. गळेल. गळू द्यायचं.

रविवारी दिवसभर आम्ही सासू-सुना आडाचं पाणी ओढत होतो. वरून ओतावं, खालून जावं. अंगणात चिखल. विरुपाक्ष जेवायला आला तेव्हा चिखलातून उड्या मारत आला आणि म्हणाला, आड आटला तर सांग, तळं हाये. सोमवारी आमच्या घरी धुणं लावत नाहीत, महादेवाचा वार. पण पिंप पाजणं म्हणजे काही धुणं नव्हे, असं मीच ठरवलं. दुपारी धार बारीक झाली. संध्याकाळी थेंब. मंगळवारी सकाळी उठून पिंपाखाली हात घातला तर माती कोरडी.

वखारवाला गाडा घेऊन दारात आला तेव्हा मी डाव्या हातानं दांडा फिरवत होते. त्याला म्हटलं, खाली हात घालून बघ. त्यानं बघितलं, कोरडा हात विरुपाक्षाला दाखवला आणि सकाळची खेप वाया घालवली म्हणून त्यालाच बोलून गेला. विरुपाक्षानं कागद फाडला नाही. घडी करून खिशात घातला. पोरगा माझाच आहे.

दुपारी धुणं संपलं. हाताला सवय, मी पिंप कलतं करायला गेले. नीलव्वानं कडेवर हात ठेवला.

"राहू द्या, आत्या. मामंजी म्हनायचे, लाकडाला तहान लागतीया."

मी तिच्याकडं वळले. "तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"आन् सा म्हैने तोंडात गुळणी धरून बसलीस?"

"बोलले हुते की येकदा. तुमी म्हनलासा, काल आली आन् मला धुनं शिकवतीया."

म्हटलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला, पहिल्यांदा पिंप पालथं घातलं तेव्हा, याच जागी उभं राहून. मुंग्या लागल्या, डांबर लागलं, बोटं सोलली, ही बाजूला उभी राहून रॉकेलचा बोळा देत होती. आणि ते, सुनेला सांगून गेले. मला बारा वर्षं नुसतं असू दे की. एकदा तरी सांगायचं, काशम्मा, हे यासाठी. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते सोडा.

नीलव्वा कडेवरचा हात काढत नव्हती. मी पिंप सरळ केलं.

"उद्यापास्नं पाण्याचं तू बघ," मी म्हटलं. "दांडा माझा."

ती घागर घेऊन आडाकडं गेली.