जयवंताची फांदी

जावयाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. तरी चांदूर रेल्वेच्या किसनरावांनी ती केली, कारण प्रश्न जयवंताच्या नावाचा होता. त्यांच्या बगीच्यात एका साध्याच संत्र्याच्या झाडाला एक फांदी अशी होती, की तिच्या फळांत बी औषधालाही सापडत नसे. ती पहिल्यांदा हेरली त्यांच्या बायकोनं, जयवंतानं. नजर लागेल म्हणून तिनं ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. ती वारल्यावर किसनरावांनी ठरवलं, या वाणाला तिचंच नाव द्यायचं. आणि आता जावई मनोज अकोल्याच्या आपल्या रोपवाटिकेतून तोच वाण स्वतःच्या नावावर नोंदवायला निघाला होता.

त्याच्याकडे तो गेला कसा? यांनीच दिला. हर्षा सासरी निघाली तेव्हा जयवंतानं तिच्या ओटीत तांदूळ-नारळ घातले आणि किसनरावांनी वरून त्या फांदीच्या काड्या, ओल्या फडक्यात गुंडाळून, कलमं बांधायला. भोळेपणालाही काही मर्यादा असते, पण लेकीचा बाप ती पाळेल तर शपथ.

तक्रारीनंतर दोन्हीकडच्या कलमांची पानं तपासायला गेली. निकालाच्या दिवशी प्रयोगशाळेत एका बाकावर किसनराव आणि दुसऱ्यावर मनोज-हर्षा. लेक आपल्याजवळ बसली नाही हे त्यांना खुपलं. तिला नांदायचं आहे, मनातून ती आपलीच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

तिथल्या रागिणी मॅडमनी निकालाआधी सगळं सोपं करून सांगितलं. पानाच्या पेशीपेशीत डीएनए असतो, पीळ दिलेल्या शिडीसारखा. बाजूचे दांडे साखर आणि फॉस्फेटचे, मधल्या पायऱ्या चार अक्षरांच्या जोड्यांच्या. ए समोर टी, जी समोर सी, दुसऱ्याशी सोयरीक नाही. म्हणून शिडी उभी चिरली तरी एका अर्ध्यावरून दुसरं अर्धं तसंच्या तसं तयार होतं, आणि पेशी वाढतात तसा मजकूर पुढे उतरत जातो. पेशी त्यातल्या लागेल तेवढ्या भागाची आरएनए नावाची नक्कल काढते आणि तिच्यावरून प्रथिनं बनवते. पण उतरवताना कधी एखादं अक्षर चुकतं. ती चूक एखाद्या कोंबात झाली तर त्याची अख्खी फांदी वेगळी निघते.

"म्हंजे आमची फांदी चुकीतून झाली?" किसनरावांनी विचारलं. त्यांना हसू आलं. जयवंता असती तर म्हणाली असती, चूकबी कशी गोड झाली पाहा.

मग मॅडम म्हणाल्या, दोन्ही पानं अक्षरशः सारखी आहेत. किसनरावांना वाटलं, जिंकलो. पण कोणी कोणाकडून नेलं हे त्या मजकुरात नसतं. ते सांगेल फक्त मूळ झाड. त्याच्या एका फांदीत नवं अक्षर आणि बाकी फांद्यांत जुनं. कलमात सगळीकडे नवंच.

"ते झाड आहे ना?"

किसनरावांनी नकारार्थी मान हलवली. झाड गेल्या उन्हाळ्यात तोडलं होतं. माहेरपणाला आलेल्या हर्षानं खोडावरचा डिंक पाहून सांगितलं, हा रोग साऱ्या बगीच्यात पसरेल, झाड मुळासकट काढून जाळा. डिंक खरवडून मलम लावलं की झाड वाचतं, हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत होतं. पण लेक अमरावतीला राहून बी.एस्सी. झालेली! तिच्या शिक्षणापुढे त्यांनी मान तुकवली आणि स्वतःच्या हातानं कुऱ्हाड घातली. ती तेव्हा रडली, तर यांनीच तिचे डोळे पुसले.

केसानं गळा कापला होता पोरीनं.

"हर्षा, तुले हे सारं माईत होतं?"

मनोज मध्येच बोलू लागला. तिनं त्याला थांबवलं. "बाबा, नाव कोनाचंही लागो. झाड तं घरचंच नं?"

"कोनत्या घरचं?"

मॅडम अवघडल्या. ते झाड उभं असताना, त्या फांदीची फळं कोणी पाहिली होती का, एवढंच त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"दोघींनी पाह्यली होती," किसनराव म्हणाले. "एक हिची माय. अन् दुसरी हे बसून राह्यली तुमच्यासमोर."

मॅडमनी हर्षाकडे पाहिलं. किसनरावांनीही पाहिलं. अजूनही त्यांना आशा होती.

"मले असं झाड आठवत नाई," हर्षा म्हणाली.