एक घर वर

रंजिता धावतच ओट्यावर आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "सर, आमचा कॉम्प्युटर पळून राहिला!"

ती नववीत आहे. आमच्या कारधा गावची मुलं दुपारी माझ्याकडे जुनी यंत्रं उघडून शिकायला येतात, त्यांत सगळ्यात जास्त प्रश्न हिचे. तिचे वडील बाबूलाल कोशाच्या रेशमी साड्यांचे विणकर. लकव्यात त्यांचा उजवा हात गेला. त्याआधी त्यांनी काढलेले पदरांचे सगळे नक्षे घरच्या जुन्या कॉम्प्युटरात होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मागावर आता तिची आई शकुनबाई बसतात. समोर नक्षा असला तर त्या विणतात. नवा काढणं त्यांना येत नाही.

"पळतो म्हणजे? काय केलंस?"

"तुम्ही दाखवली होती ना, बोर्डावरची ती बारकी प्लास्टिकची टोपी, जंपर? कोणत्या पिनांवर बसवली त्यावर वेग ठरते. मी वेगाची सरकवली. मंग तो चालूच नाई झाला."

"मग?"

"मंग व्होल्टेजचीबी एक घर वर नेली. आपल्याकडे व्होल्टेज कमीच येते ना, सर. धानाच्या मोटारी लागल्या का आपण स्टॅबिलायझरचा खटका वर करतो. तसंच."

गावात कुणालाही हे पटलं असतं. मी पायात चपला सरकवल्या आणि तिच्याबरोबर निघालो. समजावणं चालता चालताच केलं.

"घरात वीज थोडी कमी आली तरी आतला पॉवर सप्लाय ती सारखी करूनच पुढे सोडतो, बेटा. प्रोसेसरला कमी मिळतच नव्हती. आता त्याला पचेल त्याहून जास्त मिळते आहे."

"पण चालून तर राहिला."

"तेच वाईट आहे. दंडारीच्या नाचात ढोलकीवाल्यानं ताल वाढवला, तर एकटा नाच्याच पळतो का?"

"नाई, सगळेच पळतात."

"आणि ज्याचे पाय पुरत नाहीत तो?"

"चुकते."

"तुमच्या बोर्डावर ते पाय हार्ड डिस्कचे असावेत. ती थांबत नाही, पडत नाही. चुकीचं वाचते, चुकीचं लिहिते, आणि कुणाला सांगत नाही."

रंजिता रस्त्यातच उभी राहिली. "बाबा सकाळपासून एकेक नक्षा उघडून पाहून राहिले," ती म्हणाली.

आम्ही दोघंही झपाझप चालू लागलो.

बाबूलाल पडद्यासमोर बसले होते, डावा हात माऊसवर. "या सर, या! पोरीनं म्हातारा बैल घोड्यावानी पळवला. आधी एक पदर दिसाले चहा पिऊन होत जाय."

"नक्षा बंद करताना तो काही विचारतो का?"

"विचारते ना, सेव्ह करू काय म्हणून. मी हो म्हणतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सर, एक गोष्ट आहे. नक्षे चुकलेले दिसून राहिले. करवतीच्या नक्षीचे दात मधातच गायब. लकव्याच्या आधीपासूनच माझं डोकं बिघडलं होतं काय?"

"बाबा, तुम्ही नाई चुकले," रंजिता म्हणाली. मग तिनं टोप्या सरकवल्याचं सांगितलं. बाबूलाल ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी नक्ष्यांची यादी उघडली. नावांच्या जागी चौकोन आणि तुटकी अक्षरं होती. यादीच्या मागे एकच नक्षा उघडा राहिला होता: धानाच्या लोंबीचा पदर. बाबूलालनी तो डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत तपासला. "हा शाबूत आहे," ते म्हणाले. पलीकडच्या खोलीत शकुनबाईंचा उभ्या धाग्यांचा ताणा याच पदरासाठी मागावर चढलेला होता.

रंजिताचा हात बटणाकडे गेला. "बंद करते, सर. टोप्या जागेवर लावते."

"हात लावू नकोस. डिस्कवर भरवसा राहिला नाही, आणि या जुन्या यंत्राला पेन ड्राइव्हही लागत नाही. यंत्र चालू आहे तोवरच हा पदर आहे."

कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडी होती. आतून तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता, आणि त्या जास्तीच्या व्होल्टेजवरच तो चित्र धरून होता. मी टेबलफॅन आतल्या बाजूला वळवला. फोननं फोटो काढून पाहिले. फोटोत उमटलेल्या जुन्या पडद्याच्या पट्ट्यांत नक्ष्याची घरं एकमेकांत मिसळली. शेवटी रंजितानं चौकटीचा कागद पुढे घेतला.

"तीन भरले, एक खाली, पाच भरले," बाबूलाल सांगू लागले. ती पेन्सिलीनं घरं भरू लागली. मागाचा आवाज थांबला आणि शकुनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मोटारी लागाची वेळ झाली," त्या हळूच म्हणाल्या.

"बोलू नको," बाबूलाल म्हणाले. "दोन खाली, चार भरले."

लोंबीचा देठ उतरला. दाणे सुरू झाले. पंखा हळू फिरू लागला. स्टॅबिलायझर एकदा खटकला, मग पुन्हा. पडद्यावरचं चित्र कडांनी आत ओढलं गेलं आणि काळं झालं; डब्यातला आवाजही बंद पडला.

बाबूलाल थांबले नाहीत. डोळे मिटून, तितक्याच वेगानं सांगत राहिले. "चार भरले, एक खाली, दोन भरले. खालची ओळ. एक भरला, तीन खाली..." शकुनबाईंच्या जिवात जीव आला.

"मागची ओळ एकदा परत सांगा, बाबा," रंजिता म्हणाली. "माझी निसटली."

"चार भरले," ते म्हणाले, जराही न अडखळता, "दोन खाली, एक भरला."

रंजिताची पेन्सिल कागदावर थबकली. ओळ तिची निसटली नव्हती. भरलेली घरं मला दिसत होती: चार भरलेली, एक खाली, दोन भरलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. शकुनबाईंनीही पाहिलं, पण त्यांना काही कळलं नव्हतं.

"झालं का लिहून?" बाबूलालनी विचारलं.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "पुढं सांगा."