साडेबाराची टकटक

दुपारी साडेबाराला आमच्या वीज उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर माणसं हात जोडून उभी राहायची. आत तेलाने भरलेला मोठा ट्रान्सफॉर्मर. वर्षापूर्वी त्यावर काम करताना आमचा एक फिटर पडून गेला. मृतात्म्यांशी बोलणारे एक बाबा तिथे यायचे; ते म्हणायचे, त्याचा आत्मा आतच अडकलाय.

"लेकरा, आईचं ऐकतोयस ना?" बाबा विचारायचे.

टाकीतून आवाज यायचा. टक्. टक्.

फिटरची आई जाळीला कपाळ टेकून रडायची. "सुटका म्हणजे काय ऑफिसातला दाखला आहे, माई? वेळ लागतो," बाबा म्हणायचे. सुटकेसाठी ती राहतं घर त्यांच्या नावावर करायला निघाली होती.

मी तिथला ऑपरेटर. सगळं बघत होतो.

एक दिवस तेल तपासणाऱ्या बाई अहवाल घेऊन आल्या. आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "तेल फिरवून थंड ठेवणारा दुसरा पंप कधी लागतो?"

"तेल तापलं की आपोआप. साडेबाराच्या सुमारास."

"बंद करा बरं."

थोड्या वेळाने टकटक थांबली. बाबांनी तीनदा हाक मारली. "रुसलाय," ते म्हणाले. बाईंनी पंप पुन्हा लावायला सांगितला. काही मिनिटांत टकटक सुरू झाली. या वेळी कोणी काही विचारलंच नव्हतं.

बाई कुंपणाशी गेल्या. "दोन पंप लागले की तेल जोरात पळतं, आतल्या पुठ्ठ्याला घासतं. कोरड्या केसांत कंगवा फिरवल्यासारखा विद्युतभार साचतो. फार साचला की ठिणगी उडते आणि पुठ्ठा जळतो. जळाल्याचे वायू तेलात सापडलेत. हा पुठ्ठाच विजेला अडवून धरतो. तो फुटला तर टाकी पेटेल, आणि तुम्ही इथे जाळीला चिकटून उभे."

"मग बाबांना वेळ कशी कळायची?" फिटरच्या आईने विचारलं.

बाबा चपला शोधत होते. मला मान वर करवेना.

"मी सांगितली, मावशी. त्यांनी सहज विचारलं होतं. पुढे त्यांचा डाव कळला, तरी गप्प बसलो. तेलाची तपासणी मी सहा महिने टाळली होती. आत्मा बोलतोय म्हटल्यावर आवाजाचं कारण मला कोणी विचारत नव्हतं."

तिने जाळीवरचा हात काढला. "माझा मुलगा तुला दादा म्हणायचा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर बंद केला. पुढे टाकी उघडली, तेव्हा पुठ्ठ्यावर मुळांसारख्या काळ्या रेघा दिसल्या. मावशीचं घर वाचलं. तिच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो, कडी वाजवायचा धीर झाला नाही.

म्हणून हे लिहितोय. नवल दिसलं तर हात जोडण्याआधी कारण विचारा. आणि कारण माहीत असेल, तर लाज वाटली तरी सांगा. बाबा आत्म्यावर नाही, माझ्या गप्प बसण्यावर जगत होता.