पहिले आलेला पाय

दीपमाला पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी टाकून जगात आली होती, आणि त्याची शिक्षा तिला रोज सकाळी भोगावी लागे. कोणाच्या कमरेत उसण भरली, कोणाची पाठ धरली, की माणूस उठल्याबरोबर सरळ तिच्या अंगणात. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, हे आर्णीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्या गावांत नुसता पाय लावतात, फार तर हलकी लात. या गावाचं एवढ्यानं समाधान होईल तर शपथ! इथं माणूस पालथं झोपणार, दीपमालानं उजव्या पायाचा चवडा त्याच्या कमरेवर रोवायचा, अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा आणि तीन झटके द्यायचे. तेही चहाचा घोट घेण्याआधी. चहा पोटात गेला की पायातला गुण जातो म्हणे.

आणि उजवाच पाय, कारण तोच आधी बाहेर आला होता. तांड्यावरच्या धनीबाईनं तसं सांगितलं होतं. दीपमालाच्या आईची, सत्यशीलाबाईंची अडलेली सुटका याच सुईणीनं केली होती. डॉक्टर नाही, गाडी नाही, नदीला पूर, आणि पोटातलं लेकरू आडमुठ्यासारखं पाय पुढं करून बसलेलं. धनीबाईनं दोघींना वाचवलं. तेव्हापासून तिचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ.

आता त्याच उजव्या पायाची टाच दुखायला लागली होती, आणि दुखायला वेळही कशी निवडली तर पोलीस भरती तोंडावर आलेली. दीपमालाचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या भरतीपर्यंत वय उलटून जाणार होतं. मागच्या खेपेला ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, आठशे मीटरच्या धावण्यात तिचे थोडके मार्क कमी पडले आणि नाव यादीच्या खाली राहिलं. यंदा ती जीव तोडून पळत होती. आर्णीत गॅरेज चालवणारे अब्रार सर संध्याकाळी मैदानावर पोरींचा सराव घ्यायचे. एकदा ती लंगडताना दिसली तसे ते शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "बस झालं. आधी यवतमाळला जाऊन पाय दाखव. तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही."

यवतमाळच्या फिजिओथेरपिस्ट फरहा मॅडमनी तिला टेबलावर पालथं झोपवलं आणि टाचेच्या वरची जाड शीर चिमटीत धरली. दीपमाला कळवळली.

"ही घोडशीर," मॅडम म्हणाल्या. "पोटरीला टाचेशी बांधणारा दोर समज. तुटला नाहीये, पण पीळ सैल झालाय. इथं गाठ लागतेय माझ्या हाताला."

"मंग आराम करू का, मॅडम?"

"नुसती पडून राहिलीस तर आणखी ढिला पडेल. आणि दुखणं मारून पळालीस तर एक दिवस फाटकन तुटेल. त्याला रोज थोडं थोडं ओझं द्यायचं. सपाट जमिनीवर उभी राहा, दोन्ही पायांनी टाचा उचल, आणि उतरताना दुखऱ्या पायावर हळू उतर. अगदी हळू. झटका म्हणून द्यायचा नाही."

"आर्णीत एक जण इंजेक्शन देते म्हंते. ग्राउंडच्या दिवशी काहीच दुखत नाई."

फरहा मॅडमचा चेहरा असा झाला की दीपमालाला वाटलं, आता कानाखाली बसते. "दुखणं झोपतं त्यानं, शीर बरी होत नाही. मग भर मैदानात तुटते आणि तुला कळतही नाही. असं काही केलंस तर माझ्याकडं यायचं नाही. व्यायाम करताना थोडं दुखलं तर दुखू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं पाऊल टाकशील ना, त्याला विचार. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर समज, काल जास्त झालं."

दीपमालानं सगळं मुकाट्यानं केलं. पळणं बंद, उड्या बंद. टाचा उचल, टाचा टेक. अब्रार सरांनी तिला सायकलवर बसवलं, दम टिकावा म्हणून. संध्याकाळी शीर मोकळी वाटायची, पोरगी हसायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळ सरता सरता पुन्हा लंगडी. आठवडे जात होते आणि पाय जिथल्या तिथं. ग्राउंडची तारीख आली तशी तिची झोपच उडाली. जेवण उतरेना. आईवर खेकसायची, मग रडायची.

पुढच्या खेपेला फरहा मॅडम चिडल्याच. "तू काहीतरी लपवतेस. चोरून पळतेस का?"

"आईची शप्पथ नाई, मॅडम."

"मग सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, सगळं सांग. एक गोष्ट सोडायची नाही."

दीपमालानं सांगितलं. तोंड धुते, केस विंचरते, लोकांना पाय देते, चहा पिते.

"पाय देते म्हणजे?"

आता आली का पंचाईत! शेवटी मॅडमनी जमिनीवर लोड टाकला आणि म्हणाल्या, करून दाखव. दीपमालानं चवडा रोवला, भार टाकला. मऊ लोडात टाच खोल खाली गेली, आणि तिनं एक झटका दिला. मॅडमना आधी हसू आलं, मग हसू मावळलं.

"रात्रभर आखडलेली शीर, उठल्या उठल्या ताणायची आणि वर झटके," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवसभर तू जे विणतेस ते सकाळी स्वतःच्याच पायानं उसवतेस. हे आजपासून बंद. नाहीतर ग्राउंडचं विसर."

बंद म्हणणं सोपं होतं. घरी सांगितल्याबरोबर सत्यशीलाबाईंच्या हातातली परात खाली आली.

"काहून बंद? लोकायले काय सांगू मी?"

"सांग, माही शीर तुटन म्हणा."

बाप धर्मपाल कोपऱ्यातून म्हणाला, "मी तं कवाचाच म्हणून राह्यलो, आपल्या घरात हे थोतांड नाई पायजे." हे तो वर्षानुवर्षं म्हणत होता आणि कोणी ऐकत नव्हतं.

"तुम्ही चूप बसा!" सत्यशीलाबाई उसळल्या. त्यांचा आवाज फाटला. "ज्या लोकायनं माह्या सासूले हिरीवर चढू देलं नाई, त्यायचे पोट्टे माह्या आंगनात पालथे पडते. माह्या पोरीच्या पायाखाली! तुम्हाले थोतांड दिसते, मले थे दिसते."

आईच्या मनात हे एवढं खोल बसलेलं आहे हे दीपमालाला आजवर कधी कळलंच नव्हतं, आणि आईसाठी तिचं पोट तुटलं. पण शीर काही तिची माया बघून जुळणार नव्हती.

"माय," ती म्हणाली, "वर्दी घालून याच आंगनात उभी राहीन नं मी, तं कोणाले पालथं पडायची गरज नाई. सारे उभ्यानं सलाम करतीन."

सत्यशीलाबाई खाली वाकल्या. परात उचलली आणि पीठ भरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलेच नागोराव आले. विहिरीतली मोटर काढताना त्यांची कंबर धरली होती. दारात स्वतः सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाय बंद हाये, भाऊ. पोरीचाच पाय दुखते."

"पायाळूचा पाय कवा दुखते का व?" नागोराव कमरेवर हात धरून वाकडे उभे. "सरळ सांग ना, पोलीस व्हायच्या आधीच पोरगी आभाळात गेली!"

झालं, गावाला चघळायला विषय मिळाला. कोणी म्हणालं भाव खाते, कोणी म्हणालं पायातला गुण गेला. शेजारच्या बबनरावांच्या सुनेनं तर नळावर तोंडावरच विचारलं, "अशीच लोकायची सेवा करशीन का पोलिसात?" दीपमाला घागर भरून गुपचूप निघून यायची आणि घरी येऊन भिंतीला धरून टाचा उचलायची. मनातून ती जळत होती. पण सकाळचं पहिलं पाऊल दिवसेंदिवस हलकं पडत होतं. आधी दातओठ खाऊन टाकायची, मग नुसतं कुरकुरायचं, मग एक दिवस ती खाटेवरून उतरून चुलीपर्यंत गेली आणि तिथं पोचल्यावर तिला आठवलं की आपण पाऊल तपासलंच नाही. फरहा मॅडमनी आधी चालायला, मग हळू पळायला लावलं. सगळ्यात शेवटी एकदा पूर्ण आठशे मीटर. शीर टिकली. अब्रार सरांनी शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की मैदानावरची बकरं पळाली.

ग्राउंडला एक दिवस उरला होता. त्या सकाळी दीपमाला यवतमाळला जायची पिशवी भरत होती आणि दारात ऑटो थांबला. धनीबाईचा मुलगा देवीलाल खाली उतरला, आणि त्यानं आईला जवळजवळ उचलूनच अंगणात आणलं. धनीबाई कमरेतून कोयत्यासारखी वाकली होती. कपाळावर घाम. तोंडातून एकच, "मेली व माय, मेली."

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. कुंपणाशी माणसं जमली. नागोराव सगळ्यांच्या पुढं. आता बघू, धनीबाईला तरी नाही म्हणते का, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"छोरी," धनीबाई म्हणाली, "एक खेप पाय दे. मले माहीत हाये, तू बंद केलं. पण जीव जाते व माहा."

सत्यशीलाबाईंनी लेकीकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. दे म्हणवेना, देऊ नको म्हणवेना. दीपमालानं आपल्या उजव्या टाचेकडं पाहिलं. सकाळची थंड शीर, उद्याच ग्राउंड. एकच खेप, पण तुटायला एकच खेप लागते. आणि समोर कोण, तर जिच्या हातांनी ती या जगात आली ती बाई. हिला नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडानं?

तिनं चप्पल काढली. देवीलालनं आईला सतरंजीवर पालथं केलं. दीपमालानं उजवा चवडा म्हातारीच्या कमरेवर ठेवला. अजून भार टाकला नव्हता, तरी पोटरी थरथरायला लागली. तिनं डोळे मिटले.

खाली पडल्या पडल्या धनीबाईनं हात मागं नेला आणि तिचा घोटा धरला. त्या हातांनी किती लेकरं अंधारात नुसत्या स्पर्शानं ओळखली होती. अंगठा शिरेवरून वर सरकला आणि गाठीवर थांबला.

"दुखते हे?" म्हातारीनं विचारलं, फक्त तिला ऐकू जाईल असं.

"आता कमी हाये, धनीमाय."

"उद्या पळणं हाये ना तुले?"

"हो."

धनीबाईनं घोटा सोडला. मग एकदम खणखणीत ओरडली, "अव, हा कायले ठेवला? हा नाई! डावा आण, डावा! डावा आलता पहिले!"

कुंपणाशी कुजबुज उठली. सत्यशीलाबाई पुढं आल्या. "धनीमाय, तूच तं उजवा सांगतलं होतं!"

"तुले जास्त माहीत का मले? तू तं शुद्धीवर नोहती!"

दीपमालानं डावा पाय टेकवला, नुसता हलका, आणि तीनदा दाबला. धनीबाईनं लांब श्वास सोडला. "झालं! मोकळी झाली!" असं म्हणत ती देवीलालला बाजूला सारून दीपमालाच्या खांद्याला धरून उठली, आणि नागोरावांकडं बोट करून म्हणाली, "इतके वर्स चुकीचा पाय घेऊन राह्यले तुम्ही, अन् पोरीले नावं ठेवता!" लोक हसले. नागोरावही कसंनुसं हसले. पण म्हातारीची बोटं दीपमालाच्या खांद्यात रुतली होती, इतकी की पुढचे दोन दिवस तिथं वळ राहिले.

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर दीपमालानं शीर नीट तापवूनच रेषेवर पाऊल ठेवलं. पहिल्या फेरीत ती मुद्दाम मागं राहिली. पोरी पुढं निघून जात होत्या आणि तिला वाटत होतं, आता लागते झटका, आता तुटते. शेवटच्या वळणावर टाच बोलायला लागली, पण ती नुसती बोलत होती, ओरडत नव्हती. फरक तिला आता कळत होता. तिनं पाय मोकळा सोडला आणि एकेकीला मागं टाकत रेषा ओलांडली. ग्राउंड निघालं. लेखी परीक्षा बाकी होती, पण तिची भीती तिला कधीच नव्हती.

ती घरी गेलीच नाही. बसमधून उतरून थेट तांड्यावर गेली. धनीबाई खाटेवर कुशीला पडली होती, तशीच वाकडी. कालपासून उठली नव्हती, असं सुनेनं सांगितलं.

"निघालं का व?" म्हातारीनं विचारलं.

"निघालं, धनीमाय." दीपमाला तिच्या उशाशी बसली. "खोटं काहून बोलली तू?"

"मंग काय करू? उजवाच आलता, छोरी. माह्या मुठीत होता, मले आठवत नाई का?" धनीबाईनं कूस बदलायचा प्रयत्न केला आणि कण्हली. "काल उजवा लागला असता तं मी आज चुलीपाशी असती."

तिचा पूर्ण विश्वास होता! दीपमाला उठली, चप्पल काढायला लागली. "मंग आता देते. आता काय व्हायचं थे होवो."

"ठेव तिकडं!" म्हातारी गरजली. "लागन अजून तुले तो."

दीपमाला खाटेच्या कडेवर बसली. म्हातारीचा हात हातात घेऊन तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या चाल माह्यासंगं यवतमाळले. एक मॅडम हायेत. त्यायनंच माहा पाय बरा केला. तुही कंबरई पाह्यतीन."

धनीबाईनं संशयानं तिच्याकडं पाहिलं. "थे पायाळू हाये का?"

"हो," दीपमाला म्हणाली.

"पाय कोणता आलता पहिले?"

"उजवा, धनीमाय. उजवाच."