जेवून घ्यायचा अंगारा

"हात वर कर, माय!"

उतारबाबा ओरडला आणि माझ्या आनंदाबाई आत्यानं दोन्ही हात कानांच्याही वर नेले. गोदामातल्या गर्दीनं एकदम श्वास आत ओढला. बाहेर पडताना त्या श्वासाचा जयजयकार झाला.

नाचणगावच्या रस्त्यावर कापसाचं एक जुनं गोदाम होतं. कापूस यायचा बंद झाला तेव्हा तिथं बाबा आला. एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात लोक पहाटे पहाटे बैलगाड्या जुंपून तिथं येत, कारण बाबाची भुतं पहाटेच सापडत.

"कुठी बसलं व्हतं तुह्या?" बाबानं विचारलं.

"खांद्यावर. कंबरेलेही पाय आवळून व्हतं, बाबा."

"आता?"

"आता नाई."

"कोनं उतरवलं?"

"तुमीच, बाप्पा!"

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो आणि बोरगाव मेघेत भाड्यानं राहतो. त्या गर्दीत मागं उभा होतो तेव्हा माझा विषय मला काडीचाही उपयोगी पडला नाही. लबाडी दिसली असती तर धीर आला असता. पण आत्याचे हात खरेच वर गेले होते. मागच्याच आठवड्यात मी तिला पाहिलं होतं. सकाळी बाजेवर उताणी, कूस बदलता येत नाही, पदर खांद्यावर घ्यायला सून नलू लागते, चहाची बशी अर्ध्या वाटेत थरथरून थांबते. दुपारी तीच बाई अंगणात बसून तूर निवडायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा लाकूड. सत्तरीची बाई, जन्मभर कापूस वेचलेली. वेणी घालता येत नाही म्हणून लहान पोरीसारखी रडायची.

बाबाची उपपत्ती अशी : भूत रात्री खांद्यावर चढतं, सकाळभर बसतं, पण सूर्य डोक्यावर आला की त्याला ऊन सोसत नाही म्हणून उतरतं. सगळी लक्षणं यात बसत होती. माझ्या वर्गात कुणी इतकी नीटनेटकी मांडणी केली असती तर मी त्याला पहिला वर्ग दिला असता.

अंगारा गुळाच्या खड्यात मिळायचा. त्याचे नियम होते. पोटभर जेवल्याशिवाय घ्यायचा नाही. मीठ जवळजवळ बंद. आणि एक दिवसही चुकवायचा नाही, नाहीतर भूत दुपटीनं चढेल. एकादशीला आत्याची पंचाईत झाली. तिनं उपास कधी मोडला नव्हता. बाबानं निरोप पाठवला, आधी भाकरी खाय, मंग देव.

मी बाबाला विचारलं, "महाराज, सगळे देव उपाशी ठेवतात. तुमचाच देव आधी जेवायला का घालतो?"

बाबानं डोळे मिटले. "देवाले 'काऊन' इचारू नये, मास्तर. 'काऊन' इचारते त्याच्याच खांद्यावर बसते."

गर्दी माझ्या खांद्यांकडे बघू लागली. मी निघालो. रस्त्यानं मीही एकदोनदा खांदे हलवून पाहिले.

होळीपर्यंत अंगारा घेणाऱ्यांचे चेहरे गोल झाले. गालफडं बसलेल्या म्हाताऱ्या पुरणपोळीसारख्या फुगल्या, आणि गाव म्हणालं, देवाचं तेज चढलं. आत्याच्या शेजारच्या नत्थूजींना मधुमेह होता. गुडघे दुखतात म्हणून तेही अंगारा घेत. त्यांच्या पायात तुरीचं धसकट गेलं. जखम भरेना. अंगठा काळा पडला. बाबा म्हणाला, "भूत पायातून निंगून राह्यलं. रस्ता मोकया ठेवजो."

मग एके दिवशी गोदामाला कुलूप लागलं. देव मौनात गेला, असा निरोप आला. मौन किती दिवस चालेल हे देवानं सांगितलं नाही, कारण मौन.

आत्याचा अंगारा संपला. दोनतीन दिवसांत खांदे पुन्हा आवळले, उलट्या सुरू झाल्या, उठून बसली की भोवळ. पुढं कानशील दुखू लागलं, इतकं की नलूनं कंगवा लावला तरी ती किंचाळायची. भाकरीचे चार घास चावले की जबडा भरून यायचा, थांबावं लागायचं. आणि एका दुपारी ती म्हणाली, "नले, कोनं पडदा लावला इकळे?" डाव्या डोळ्यापुढचा पडदा काही वेळानं सरकला. पण ती त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. नुसती बसून राहायची, डोळे आळीपाळीनं झाकून बघत.

बाबा परत आला तेव्हा तिचा मुलगा रूपराव गोदामात धावला. बाबा म्हणाला, "खांद्यावरचं डोक्शावर चढलं. अमावस्येले उतरवतो. तवरोक तिचा अंगारा बंद. अन् दवाखान्याची पायरी चढली तं जाताना दोन्ही डोये घेऊन जाईन ते."

नलूनं मला निरोप पाठवला. मी पोचलो तेव्हा रूपराव दारातच आडवा उभा होता.

"भाऊ, पाया पडतो तुमच्या. तिले हलवू नका."

"अरे, तिची नजर चालली आहे!"

"हलवली तं दोन्ही जाईन, बाबानं सांगतलं. तुमच्या कॉलेजात भूत उतरवतेत का? नाई ना? मंग मायीच्या डोयावर काऊन जुगार खेळता?"

तो मूर्ख नव्हता. त्याला आई हवी होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिला एकदा त्या बाबानंच उठवलं होतं. माझ्यापाशी यापेक्षा मोठा पुरावा काही नव्हता. आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो. मी हरलो. ते भांडण आत्या आतून ऐकत होती.

सकाळी तिनं नलूला हाक मारली. "दिवा लाव वं."

"आत्याबाई, ऊन पडलं अंगनात."

आत्यानं उजवा डोळा हातानं झाकला. मग हात काढला. मग पुन्हा झाकला.

"एक तं गेला," ती म्हणाली. "आता दुसरा बाबापाशी गहान ठेवत नाई. रूपराव, गाडी जुंप."

रूपराव बैल सोडायला गेला. पुढं एस.टी.त तो पूर्ण रस्ताभर आईच्या उजव्या डोळ्याकडे बघत बसला, जणू नजर काढली तर तोही जाईल.

सेवाग्रामच्या दवाखान्यात भोयर नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी आत्याला भूत, डोळा काही विचारलं नाही. विचारलं, "सकाळी अंग जास्त धरतं? वेणी घालता येते? चावताना जबडा दुखतो?" आत्या प्रत्येकाला मान हलवत गेली. बाईंनी तिच्या कानशिलावर बोट फिरवलं आणि लगेच सिस्टरला हाक मारली.

"रक्त घ्या. पण तपासणीसाठी थांबायचं नाही, औषध आत्ता सुरू. उजवा डोळा वाचवायचा आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हिची कानशिलाची शीर दोरीसारखी कडक झालीय. आतून सुजली की डोळ्याकडे रक्त जात नाही. हिचा खांद्याचा आजार आणि हा, दोघं सख्खे भाऊ. खांद्याच्या आजाराला पॉलिमायल्जिया म्हणतात. पन्नाशीच्या पुढं होतो. पुस्तकं म्हणतात गोऱ्यांच्या देशातला रोग, म्हणून इथं कुणी शोधत नाही. शोधत नाही म्हणून सापडत नाही. मी माझ्यापुरते असे रोगी गोळा करते आहे."

रक्त एका उभ्या काचेच्या नळीत ठेवलं. तांबडं तासाभरात जितकं खाली बसतं तितकी अंगात आग, असा हिशोब. आत्याचं रक्त पुरातल्या गाळासारखं खाली बसलं.

"या आजाराची एक गंमत आहे," बाई म्हणाल्या. "प्रेडनिसोलोन नावाची गोळी थोडीशी दिली, की आठवड्यात माणूस हात वर करून दाखवतो. गोळी लागू पडते ही रोगाची एक खूणच. आधी कधी असं झालं होतं? एकदम बरं वाटलेलं?"

"बाबाच्या अंगाऱ्यानं," रूपराव म्हणाला.

बाईंचं लिहिणं थांबलं. "अंगारा कसा घ्यायचा? जेवून?"

"हो..."

"मीठ बंद?"

"हो, पन तुमाले..."

"आणि एकही दिवस चुकवायचा नाही. गोडात घालून मिळायचा, तरी कडू लागायचा."

रूपराव दोन पावलं मागं सरला. "बाई, तुमी बाबाच्या शिष्य हाये का?"

"नाही रे. बाबा आमचा शिष्य दिसतो. न सांगता पळालेला." त्या हसल्या नाहीत. "ही गोळी कडू, म्हणून गोडात लपवावी लागते. रिकाम्या पोटी घेतली तर पोट जाळते. मीठ खाल्लं तर सूज येते. अचानक थांबवली तर माणूस कोसळतो. तुमच्या देवाची सगळी पथ्यं आमच्या गोळीची आहेत."

आत्याच्या पदराच्या गाठीत अंगाऱ्याचा चुरा उरला होता. तो प्रयोगशाळेत गेला. तिथून 'होय' आलं. पण प्रयोगशाळेचं 'होय' गोदामात चालत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. अमावस्येच्या सकाळी त्या जीप घेऊन निघाल्या. आत्या हट्टानं शेजारी बसली.

गोदाम भरलेलं होतं. बाई सरळ पुढं गेल्या. "बाबा, तुमच्याच चुलीतली राख द्या. मूठभर पुरे."

बाबाला नाही म्हणता येईना; राखच ती. बाईंनी तिच्या दोन पुड्या केल्या. एक बाबाच्या हातात दिली. "हिच्यावर तुमचा मंत्र म्हणा. हवा तितका मोठा." दुसऱ्या पुडीत त्यांनी खिशातली पांढरी गोळी सर्वांसमोर वाटीच्या बुडानं चिरडून मिसळली. "हिच्यावर मी काहीच म्हणणार नाही."

बाबानं मंत्र म्हटला. बराच म्हटला. त्यात एकदा गणपती आला, दोनदा मारुती आला, आणि मध्येच एक इंग्रजी शब्दही येऊन गेला असा मला संशय आहे.

"ज्यांनी अंगारा घेतलाय त्यांनीच चव सांगायची. जिभेवर नुसता कण," बाई म्हणाल्या.

पहिली आत्या उठली. बाबाची पुडी चाखली. "ही तं नुसती राख हाये." मग दुसरी चाखली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "हाच! हाच तो अंगारा!"

मग नत्थूजी लंगडत आले, मग बाया, मग सगळेच. "हाच व्हय! अगदी हाच!" बाबा ओरडला, "बाईनं मंत्र चोरला माह्या! देव कोपन!" आत्या त्याच्याकडे वळली. "माह्यावर कोपून झाला तुह्या देव. हा पाह्य." आणि तिनं डाव्या डोळ्याकडे बोट केलं.

बाबा म्हणजे तानबा, आधी कुठल्याशा खाजगी दवाखान्यात कंपाउंडर होता, हे पुढं पोलिसांकडून कळलं. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा देव मौनात गेला होता, पुन्हा मिळाल्या तेव्हा परतला होता.

माझ्या हिशेबानं गोष्ट इथं संपायला हवी होती. पण एका बाईनं कमरेची पुडी काढून जमिनीवर आपटली, दुसरीनं आपटली, रूपराव तर गुळाची पूर्ण परात उलटी करायला धावला. आणि डॉक्टर भोयर, ज्यांनी आत्ता बाबाचं देवपण राखेत घातलं होतं, जिवाच्या आकांतानं ओरडल्या :

"फेकू नका! अंगारा कुणीही फेकू नका!"

गोदाम थिजलं. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मंग... बाबा खरा व्हता का?"

त्या क्षणी मी पुन्हा घाबरलो. जिंकलेली सभा हातातून निसटत होती. खोटं बोलणं सोपं होतं. बाईंनी तसं केलं नाही.

"गोळी खरी आहे. बाबा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "हे औषध तुमच्या शरीरात थोडं रोज बनतं. बाहेरून आयतं मिळालं की बनवणाऱ्या ग्रंथी झोपतात. एकदम बंद केलंत तर त्या जागायच्या आत माणूस आडवा होईल. एक दिवसही चुकवू नका, ही धमकी बाबानं इथूनच उचलली होती. आज जीप उभी आहे. नत्थूजी, तुम्ही पहिले, साखर आणि पाय दोन्ही बघायचे आहेत. बाकीच्यांनी आपली पुडी घेऊन उद्यापर्यंत दवाखान्यात या. ज्याला गरज नाही त्याची हळूहळू बंद करू. आनंदाबाईंना गरज होती. ज्या औषधानं या उठल्या तेच औषध नीट मापानं, वेळेवर, नाव सांगून मिळालं असतं, तर दोन्ही डोळे राहिले असते."

जीपच्या तीनचार खेपा झाल्या. नत्थूजींचा अंगठा गेला, पाय राहिला.

आत्याचा उजवा डोळा वाचला. पावसाळ्यानंतर मी गेलो तेव्हा ती उंबऱ्यावर बसून स्वतःची वेणी घालत होती, दोन्ही कोपरं उंच करून. गोळ्या पाव पावानं कमी होत होत्या. दर खेपेला ती दवाखान्यात गेली की बाईंशी वाद घालायची, आणि तो मी स्वतः ऐकला आहे.

"ही अर्धी काऊन केली?"

"सूज उतरली म्हणून."

"मंग पुरी बंद काऊन नाई?"

"पुन्हा चढू नये म्हणून."

"रक्त पुन्हा काऊन काढता?"

"माझं चुकत नाही ना, हे बघायला."

हे शेवटचं उत्तर आत्याला फार आवडलं. गावात कुणी नवं औषध, नवा वैद्य किंवा नवा देव सांगत आला, की ती वेणीचा शेंडा दातात धरून, उरलेल्या एका डोळ्यानं त्याच्याकडे नीट बघते आणि एकच शब्द विचारते. वाचकहो, तो तुम्हीही विचारा. डॉक्टरला विचारा, बाबाला विचारा, माझ्यासारख्या मास्तरलाही विचारा. जो उत्तर देईल त्याचं तपासून घ्या. जो विचारू नको म्हणेल, त्याच्या हातचं काहीही खाऊ नका, जेवूनही नाही.