सोम-मंगळ, गुरू-शुक्र

“मंगळवारी मला ऑफिसात जायचंय. फक्त तीन तास,” मीनाक्षी म्हणाली.

माधवने बोट वर केलं. कानात हेडफोन, नजर लॅपटॉपवर आणि एक बोट वर. गद्र्यांच्या घरात गेल्या दोन वर्षांत ही रीतच पडली होती. बोट वर म्हणजे मी कॉलवर आहे, थांब. नवरा जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी बसून बोट वर करायचा, मुलगा वरद आतल्या खोलीच्या दाराच्या फटीतून बोट दाखवायचा. आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखालच्या पलंगावर नाना होते, मीनाक्षीचे चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे. त्यांची उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. ते डाव्या हाताचं बोट वर करायचे. त्याचा अर्थ मात्र ‘थांब’ नव्हता, ‘आत्ताच्या आत्ता ये’ असा होता. त्या बोटासाठी कोणीतरी उठायला लागायचं, आणि ते कोणीतरी कोण हे काय वेगळं सांगायला हवं?

“हां, बोल,” माधवने एक कान मोकळा केला.

“मंगळवारी दर्शनाचा शेवटचा दिवस आहे. रिटायरमेंट घेतलीन तिने. बुधवारी सकाळच्या गाडीने कुडाळला चाललीये, कायमची. मला भेटायचंय तिला.”

“मग जा की. मी आहे घरी. मंगळवारी माझं काहीच नाही.”

“नानांचं बघशील? कोंडीराम नसतो मंगळवारी.”

“अगं बघेन! माझेच वडील आहेत ते.”

हे ऐकून मीनाक्षीला इतकं बरं वाटलं की तिने त्याला न मागता दुसरा चहा दिला.

दर्शना मांजरेकर लालबागची, मीनाक्षी हिंदमाताची. परळच्या एका विमा कंपनीत दाव्यांची कागदपत्रं तपासायचं काम दोघी बावीस वर्षं करत होत्या, समोरासमोर बसून. दर्शनाने बांगडा आणला की मीनाक्षी खुर्ची दोन वीत मागे घ्यायची आणि म्हणायची, “माझ्या वाटणीची नुसती सोलकढी दे बाई.” सासूच्या कागाळ्या, वरदची बारावी, दर्शनाचं पिशवीचं ऑपरेशन, सगळं त्या दोन टेबलांमधल्या हातभर जागेत बोलून झालं होतं. घरी जे कोणाला सांगता येत नाही ते सांगायला बाईला एक जागा लागते. मीनाक्षीची ती होती.

मग नाना बाथरूममध्ये पडले. त्याच सुमाराला कंपनीने नवी पद्धत आणली. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून काम. सगळ्यात जास्त आनंद झाला मीनाक्षीला, देवच पावला म्हणाली. कंपनीने निम्मी टेबलं काढून टाकली आणि सगळ्यांना फॉर्म पाठवला: कोणते दोन दिवस येणार? नानांना उचलून बसवणारा कोंडीराम गुरुवार-शुक्रवारच मोकळा होता. बाकीचे दिवस तो शिवाजी पार्कच्या एका आजोबांकडे जायचा. मीनाक्षीने पटकन गुरू-शुक्रवर खूण केली. दर्शनाला विचारायचं तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. तिकडे दर्शना दर मंगळवारी ऑफिस सुटल्यावर सिद्धिविनायकाला जाणारी. तिने सोम-मंगळवर खूण केली. मीनाक्षी आपल्याबरोबर असणार हे तिनेही धरूनच ठेवलं होतं.

“तू विचारायचंस ना गो!” दर्शना फोनवर कडाडली.

“आणि तू? तुझं तोंड काय बांधलं होतं कोणी?”

त्यात कॉम्प्युटरने दोघींना टेबल दिलं ते एकच. चौथा मजला, सी रांग, सतरा नंबर. एक टेबल, एक खुर्ची, एक ड्रॉवर. सोम-मंगळ दर्शना, गुरू-शुक्र मीनाक्षी. दोघींची भेट होणार नाही याची इतकी चोख व्यवस्था शत्रूनेही केली नसती.

मीनाक्षी साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणजे अनिमेष, वय वर्षं एकतीस, वागायला गोड. “मीनाक्षीताई, दिवस आता नाही बदलता येत. सिस्टिम लॉक झालीये. पण बाकी सगळं फ्लेक्झिबल आहे ना! घरून तुम्ही कधीही लॉगइन करा.” त्याच्यावर धड रागावताही येत नसे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढं मनात म्हणून ती परत आली.

मग त्यांनी ड्रॉवर धरला. दर्शना सिद्धिविनायकाचा नारळ घरी फोडायची आणि पुढच्या सोमवारी त्याच्या वड्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. मीनाक्षी त्या गुरुवारी खायची. शुक्रवारी मीनाक्षी मेतकूट नाहीतर भाजणीची चकली ठेवायची, ती सोमवारी दर्शनाला मिळायची. सोबत चिठ्ठी. “चकली मऊ पडली गो. तुझ्यासारखीच.” फोन होते, मेसेज होते, पण ड्रॉवर उघडताना मीनाक्षीला जो आनंद व्हायचा तो फोनने कधी झाला नाही.

आता कोणी म्हणेल, लालबाग ते हिंदमाता असं कितीसं लांब? रविवारी भेटायचं की! असं म्हणणाऱ्याने आजारी माणसाच्या घरचा एक रविवार काढून बघावा. आणि घरून काम म्हणजे तरी काय? सिलिंडर आला, तू घरीच आहेस ना. शेजारच्यांची किल्ली ठेव, तू घरीच आहेस ना. माधवही तीन दिवस घरी असे, वरद तर पाचही दिवस. पण ते कामावर असत. घरी असे ती मीनाक्षी. घरातली बाई मोकळीच असते, हे आपल्याकडे तिच्या जन्माच्या आधीच ठरलेलं असतं.

तर मंगळवार उजाडला. निरोपाचा कार्यक्रम साडेबाराला होता. मीनाक्षीने मोरपंखी साडी नेसली, नानांना भरवलं, औषधं दिली. दर्शनासाठी मेतकुटाची बरणी पिशवीत घातली. पावणेबाराला माधवचा फोन वाजला. त्याने सवयीने बोट वर केलं, आणि मग ते हळूहळू खाली आलं.

“मोठे साहेब दिल्लीहून आलेत, अचानक. सगळ्यांना समोर बोलावलंय.”

“माधव, तू म्हणाला होतास.”

“मी काय करू सांग ना! माझ्या हातात आहे का ते? वरद आहे घरी. आणि तुम्हाला ऑनलाइनची सोय आहे ना? तसं जॉइन हो.” मोजे चढवताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. त्यालाही वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घेतलं म्हणजे माणूस घरी थांबतो असं थोडंच आहे?

वरदच्या दाराची फट उघडली. बोट आलंच. मग त्याने एक कान मोकळा केला. “आई, अप्रेझल आहे यार. आजच नको ना. एक वाजता मी फ्री, मग जा तू.”

“एक वाजता सगळं आटपलेलं असेल रे.”

वरदने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं, जा. बघतो मी. पण कॅमेरा ऑन आहे, लगेच उठता येईलच असं नाही.”

मीनाक्षीने चपला घातल्या, पिशवी घेतली, दार उघडलं. जाता जाता मागे वळून पाहिलं, तेवढंच चुकलं. नानांचं बोट वर होतं.

त्यांना ऐकू सगळं येत होतं. सकाळपासूनचं सगळं. तिला जाऊ द्यावं म्हणून त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं असावं, पण म्हाताऱ्या शरीराला किती धरवणार? तिने चादर दूर केली तेव्हा उशीर झालाच होता. नानांनी मान भिंतीकडे वळवली.

“असू दे नाना. असू दे,” ती म्हणाली आणि पदर खोचला.

वरदला हाक मारून त्यांना उचललं, पुसलं, चादर बदलली. वरद पाच मिनिटं आला आणि पळाला. मोरपंखी साडी बादलीत गेली. ती गाऊन घालून ओल्या हातांनी लॅपटॉपसमोर बसली तेव्हा पावणेएक वाजले होते. पडद्यावर ऑफिस दिसत होतं. केक कापलेला, दर्शना मध्ये उभी, डोक्यात अबोलीचा गजरा. मीनाक्षीच्या जागी नुसतं एक वर्तुळ आणि त्यात दोन अक्षरं.

“मीनाक्षी आहे का त्यात?” दर्शना स्क्रीनकडे वाकून विचारत होती.

“आहेत, आहेत. ऑनलाइन आहेत,” अनिमेष म्हणाला.

“दिसत नाही ती.”

कॅमेऱ्याचं बटण बोटाखाली होतं. पण विस्कटलेले केस, अंगावर गाऊन, मागे नानांचा पलंग, ओली चादर. वीस माणसांसमोर नानांना असं दाखवायचं? तिने बटण दाबलं नाही. “मी आहे गं,” एवढंच म्हणाली, आणि हुंदका ऐकू जाईल म्हणून बावीस वर्षांच्या मैत्रिणीसमोर माइक बंद केला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“ड्रॉवरमध्ये ठेवलंय गो तुझ्यासाठी!” दर्शना स्क्रीनला हात लावून ओरडली. “माझ्या हातचं आहे. गुरुवारी बघ!”

संध्याकाळी लालबागला धावत जाऊन येईन असं मीनाक्षीने ठरवलं होतं. पाच वाजता नानांना ताप भरला. दर्शनाच फोनवर म्हणाली, “नको येऊस गो, त्यांच्याकडे बघ. ड्रॉवर आहे ना आपला.”

गुरुवारी मीनाक्षी ऑफिसात पोचली ती अर्धा तास आधी. पर्स न ठेवताच तिने ड्रॉवरला किल्ली लावली. ड्रॉवर उघडाच होता. आत लिंबाच्या वासाचं फिनेल मारलेलं, कोरडं, लख्ख. टेबलाच्या कडेला नवं लेबल: हर्षवर्धन, सोम-मंगळ.

तिने खालचा खण पाहिला, टेबलाखाली वाकून पाहिलं, शेजारची टेबलं पाहिली. शेवटी सफाईच्या बाईंना गाठलं.

“काल साफ केला ना मॅडम. माणूस गेला की ड्रॉवर खाली करायचा, वरून मेसेज येतो.”

“आत काही होतं?”

“एक पिशवी होती. पेपरात गुंडाळलेलं काहीतरी, गाठ मारलेली. खायचं असंल म्हटलं. काळ्या पिशवीत टाकलं सगळ्यासंग. कालच गाडी गेली.” बाईंचा चेहरा उतरला. “तुमचं व्हतं? मला काय म्हाईत हो.”

अनिमेषने दोनदा सॉरी म्हटलं, मनापासून. सफाईवाल्यांना फोन लावला, काही उपयोग नाही हे त्यालाही ठाऊक असताना. “नाव लिहिलेलं असतं तर ठेवलं असतं, ताई. पॉलिसीत आहे तसं.” दोन वर्षांत त्या दोघींना त्या ड्रॉवरमध्ये कशावर नाव लिहायची वेळच आली नव्हती.

दुपारी मीनाक्षीने एकटीने डबा उघडला, तेवढ्यात फोन आला. मागे कोंबडा आरवत होता, पंप चालू होता.

“बघितलंस?” दर्शनाला धीर नव्हता.

मीनाक्षीने रिकाम्या ड्रॉवरकडे पाहिलं. सांगावं? रात्र रात्र बसून केलेलं असेल. कचऱ्यात गेलं म्हणून सांगायचं?

“बघितलं गं.”

“बसलं का मापात? तुझं माप मी अंदाजानंच धरलं. दोन वर्षं समोर नाहीस, म्हटलं बारीक झालीस की जाड, काय ठाऊक.”

“अगदी बरोबर बसलं.”

“आणि रंग? तू म्हणशील जरा भडक आहे.”

“नाही गं. मला आवडला.”

“खरं?”

“खरंच.”

“मग रविवारी घालून फोटो पाठव गो. इथे सगळ्यांना दाखवते, ही माझी मैत्रीण म्हणून.”

“पाठवते,” मीनाक्षी म्हणाली. फोन ठेवल्यावर डबा तसाच झाकला.

संध्याकाळी ती घरी जाताना हिंदमाताच्या कपड्यांच्या दुकानांसमोरून चालत होती. रोजचाच रस्ता; आज पाय अडले. काचेत साड्या, पोलकी, जाकिटं, ओढण्या. ती एका दुकानाची पायरी चढली.

“या ताई. काय दाखवू?” दुकानदार उठून उभा राहिला. “साडी? ब्लाउज? ड्रेस?”

मीनाक्षीची नजर तिन्हींवरून फिरली.

“बरं, रंग तरी कोणता?”

“जरा भडक,” ती म्हणाली.

“भडक म्हणजे? लाल, राणी, केशरी?”

पर्समध्ये फोन वाजू लागला. माधवचाच असणार, कोंडीरामची निघायची वेळ झाली होती. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं. “बसा. आठवून सांगा. घाई नाही.”

ती बसली. फोन वाजतच होता. मीनाक्षीने दुकानदाराला एक बोट वर करून थांबायला सांगितलं, आणि आपण कधी पाहिलीच नाही ती वस्तू आठवू लागली.